चित्र एकाचं, वाक्य दुसऱ्याचं : विज्ञान दिनाच्या एका पोस्टरचं प्रकरण

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या आमच्या कॉलेजात २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचं प्रदर्शन भरतं. बघायला येतात ती आसपासच्या महापालिका शाळांमधली आठवी-नववीची मुलं, त्यामुळे पोस्टर मराठीत करायचे असा दंडक आहे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी डिसेंबरअखेर कच्चे पोस्टर विभागाच्या पॅसेजमध्ये लावायचे आणि बाहेरच्या एखाद्या जाणकाराकडून ते झोडपून घ्यायचे, ही पद्धत. मी या वर्गाला पर्यावरणीय सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. खालची हकिगत विभागाच्या नोंदीसाठी लिहायला घेतली होती. इतर शिक्षकांनाही वर्गात वापरता येईल असं वाटल्याने ती जरा सविस्तर मांडली आहे.

आक्षेप

पोस्टर दोघांचा होता. एक मुलगी वर्सोव्याची, कोळीवाड्यातली. दुसरा मुलगा डोंबिवलीहून येणारा. विषय : खोल समुद्रातले हायड्रोथर्मल व्हेंट, म्हणजे समुद्रतळाच्या भेगांमधून उसळणारे खनिजयुक्त गरम पाण्याचे झरे. मथळा ठळक लाल अक्षरांत : 'इथे जीवनाला सूर्याची गरजच नाही!' खाली अर्धा पोस्टर व्यापणारं एक छायाचित्र, पांढऱ्या नळ्यांमधून बाहेर डोकावणारे लालभडक तुरे. हा रिफ्टिया पॅकिप्टिला नावाचा नळीकृमी. त्याला ना तोंड, ना आतडं. शरीरातल्या एका खास अवयवात अब्जावधी जिवाणू बाळगतो आणि त्यांच्या जिवावर जगतो.

मजकुरात चूक काढण्यासारखं वरवर काही नव्हतं. फेब्रुवारी १९७७ मध्ये 'ॲल्विन' ही पाणबुडी गॅलापागोस बेटांजवळच्या भेगेपाशी सुमारे २,५०० मीटर खोल उतरली, तेव्हा तिच्यातून गेलेले भूशास्त्रज्ञ होते. झरे सापडतील असा त्यांचा कयास होता, शिंपल्यांची आणि कृमींची वसाहत भेटेल हे कुणाच्या मनातही नव्हतं. मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. वर आणलेल्या पाण्याच्या बाटल्या उघडल्या तर कुजक्या अंड्यांचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिकमध्ये काळा धूर ओकणारी धुराडी सापडली, पाणी ३५० अंशांच्या वर. आणि १९८० मध्ये, रिफ्टियाच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडल्याचं एका व्याख्यानात ऐकून हार्वर्डची विद्यार्थिनी कोलीन कॅव्हनॉ हिने ताडलं की आत सल्फाइड 'खाणारे' जिवाणू असले पाहिजेत. १९८१ मध्ये तिने ते दाखवूनही दिलं. हे सगळं पोस्टरवर होतं आणि नेटकं होतं.

त्या वर्षी झोडपायला आले होते रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. ते पोस्टरसमोर थांबले आणि लाल तुऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा रंग कशाचा?"

"हिमोग्लोबिनचा, सर."

"ते काय वाहून नेतं?"

"ऑक्सिजन. आणि याचं वेगळं आहे सर, हे सल्फाइडही नेतं, दोन्ही वेगवेगळ्या जागी धरून."

"सल्फाइड खालच्या खडकातून आलं, मान्य. ऑक्सिजन अडीच हजार मीटर खाली कुठून आला?"

"पाण्यात विरघळलेला असतोच ना सर."

"असतोच म्हणजे? कुणी विरघळवला?"

मुलीच्या लक्षात आलं. मुलाच्याही आलं, पण त्याने लगेच मान तुकवली नाही. पाठ्यपुस्तकात हेच वाक्य आहे, माहितीपटांत हेच सांगतात, मग आम्हीच का बदलायचं, हा त्याचा मुद्दा होता. मला तो मुद्दा हट्टाचा वाटला नाही. इतक्या ठिकाणी एकच वाक्य येत असेल तर त्यात काहीतरी खरं असणार, आणि ते काय हे शोधून काढल्याशिवाय मथळा खोडणं म्हणजे सरांच्या वयाला मान देणं झालं असतं, मुद्द्याला नव्हे. म्हणून ठरलं की मसुदा पॅसेजमधून काढायचा नाही. जानेवारीभर दोघांनी दोन दिशांनी काम करायचं : तिने खाडीतला गाळ आणून प्रयोग लावायचा, त्याने सूर्य खरोखरच नको असलेला एक तरी जीव शोधून दाखवायचा.

दावा नेमका कुठे तुटतो

हिरवी झाडं प्रकाशाची ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून अन्न करतात. व्हेंटवरचे जिवाणू तेच काम रासायनिक ऊर्जेवर करतात. याला रसायनसंश्लेषण म्हणतात आणि ही कल्पना व्हेंटच्या शोधाहून कितीतरी जुनी आहे. सर्गेई विनोग्राडस्की याने १८८० च्या दशकात बेगियाटोआ या धाग्यासारख्या जिवाणूवर काम करताना पाहिलं की सल्फाइड दिलं की पेशींत गंधकाचे कण साठतात आणि तोडलं की ते कण संपत जातात. पेशी सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवत होती.

वर्गात नेहमी निसटतो तो पुढचा भाग. ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन देणं. देणारा आहे, तसा घेणाराही लागतो. सल्फाइड हा देणारा, तो पृथ्वीच्या पोटातून येतो. रिफ्टियाच्या जिवाणूंसाठी घेणारा म्हणजे ऑक्सिजन, आणि तो व्हेंटमधून येत नाही. तो आजूबाजूच्या थंड पाण्यात असतो. ते पाणी कधीकाळी ध्रुवांजवळ पृष्ठभागावर होतं, हवेच्या संपर्कात होतं; गार आणि जड होऊन बुडालं आणि तळातळाने सरकत इथवर आलं. हवेतला ऑक्सिजन सायनोबॅक्टेरिया, शैवाल आणि झाडं यांनी केलेला, म्हणजे सूर्याचाच.

मुंबईकरांनी हे आपल्या दारातल्या समुद्रावरून समजून घ्यावं. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत ऑक्सिजन जवळपास नसलेला एक जाड पट्टा आहे. वरच्या थरात जे पिकतं ते मरून खाली पडताना कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन फस्त होतो. या पट्ट्याच्या आणखी खाली गेलं की ऑक्सिजन पुन्हा वाढतो, कारण तिथलं पाणी दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने आलेलं असतं. खोल गेलं म्हणून ऑक्सिजन संपतो असं नाही आणि आपोआप असतो असंही नाही. तो कुठूनतरी आणलेला असतो.

त्यामुळे पोस्टरवरचं वाक्य ऊर्जेच्या स्रोतापुरतं बरोबर होतं, पण चित्रातल्या प्राण्यासाठी खोटं होतं. मुलाने विचारलं, सूर्य आज विझला तर रिफ्टिया उद्या मरेल का? उद्या नाही. खोल पाण्यातला साठा मोठा आहे, तो हळूहळू संपेल. पण भर पडणार नाही. साठ्यावर तगून राहणं वेगळं आणि गरज नसणं वेगळं.

बरण्या

प्रयोगाचा साचा विनोग्राडस्कीचाच. गाळ, त्यात कार्बनसाठी वर्तमानपत्राच्या पट्ट्या, गंधकासाठी उकडलेल्या अंड्याचा बलक, कार्बोनेटसाठी अंड्याच्या टरफलाची पूड, वर खाडीचंच पाणी. तिवरांचा पट्टा राखीव आहे, आत शिरून खणायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. मुलीने काकांच्या होडीजवळच्या उघड्या गाळातून, ओहोटी पूर्ण लागल्यावर, बादलीभर गाळ आणला. वरचा बोटभर थर तपकिरी, त्याखाली डांबरासारखा काळा. हा काळेपणा लोह सल्फाइडचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, हवा नसलेल्या गाळातले जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि ते गाळातल्या लोहाला चिकटतं. लॅबच्या काकांनी बादली दारातच अडवली, आधी एक्झॉस्ट लावा म्हणाले. ते बरोबरच होतं, हायड्रोजन सल्फाइड नुसता घाण वासाचा नाही, विषारीही आहे.

लोणच्याच्या काचेच्या तीन बरण्या भरल्या. पहिली खिडकीत, उजेडात. दुसरी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात, तोंडावर नुसतं सैल झाकण. तिसरीही काळ्या कागदात, पण तिच्यातलं पाणी आधी उकळून गार केलेलं, काठोकाठ भरलेलं आणि वर लिक्विड पॅराफिनचा थर, म्हणजे हवा जवळपास बंद. पहिली बरणी शाळेच्या मुलांना रंग दाखवायला. खरी तुलना दुसरी आणि तिसरी यांच्यात होती : दोन्हीकडे अंधार, दोन्हीकडे सल्फाइड, फरक ऑक्सिजनचा.

पहिलीत अपेक्षेप्रमाणे खिडकीकडच्या काचेवर जांभळट-गुलाबी डाग उमटले. हे सल्फाइड वापरून प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. दुसरीत रंग नाही, सगळा गाळ काळा, पण गाळाच्या माथ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पातळ थर. तिसरीत तो थर आलाच नाही. उघडताना लेड ॲसिटेटचा कागद तोंडाशी धरला तर तो बघता बघता काळपट तपकिरी झाला. म्हणजे सल्फाइड होतं, वापरणारं कुणी नव्हतं.

सर पुन्हा आले तेव्हा त्यांनी पांढऱ्या थराकडे पाहून पहिला प्रश्न टाकला : हा जिवाणूंचाच कशावरून? सल्फाइडला नुसती हवा लागली तरी गंधक सुटतं आणि पाणी दुधाळ होतं, त्याला जीव लागत नाही. रसायनवाल्याने हे विचारायलाच हवं. मुलीने थराचा एक धागा स्लाइडवर घेतला, कव्हरस्लिप ठेवली आणि ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली लावला. बारीक, लांब, रंगहीन धागे, आत चकाकणारे गोल कण ओळीने बसलेले. सर काही वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा सरकतोय." खरंच एक धागा हळू घसरत, टोक किंचित वाकवत, स्लाइडवरच्या एका वाळूच्या कणाला वळसा घालत होता. नुसतं गंधक असं चालत नाही. नेमकी प्रजाती आम्ही ठरवली नाही, पण बेगियाटोआच्या घराण्याची सगळी लक्षणं होती.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा होता आणि तो पूर्ण मान्य करावा लागला. बरणी म्हणजे व्हेंट नव्हे. बरणीतलं सल्फाइड तयार झालं ते वर्तमानपत्र आणि गाळातला पालापाचोळा कुजून, म्हणजे इथे इलेक्ट्रॉन देणाराही शेवटी सूर्याच्याच खात्यातला. व्हेंटमध्ये तो खडकातून आणि तापलेल्या पाण्याच्या खडकाशी होणाऱ्या क्रियांमधून येतो. तेव्हा या बरण्यांवरून व्हेंटविषयी एकच गोष्ट सांगता येते, की अंधार आणि सल्फाइड एवढ्याने भागत नाही. त्यापलीकडे काही सांगायला गेलो तर आपणही पोस्टरसारखंच करू. तिसऱ्या बरणीतल्या गाळात बुडबुडे अडकले होते आणि मुलाला ते मिथेनचे म्हणायचे होते. ते मी होऊ दिलं नाही. सल्फेट शिल्लक असेपर्यंत खाऱ्या गाळात सल्फेटवाले जिवाणू हायड्रोजन पळवतात आणि मिथेनवाल्यांना फारसं उरू देत नाहीत. शिवाय वायू तपासलाच नव्हता.

सूर्य खरोखर नको असलेला

मुलाचा शोध मात्र चोख निघाला आणि तो हिंदी महासागरातच निघाला. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाशी, साधारण २५ अंश दक्षिण आणि ७० अंश पूर्व, कैरेई नावाचं व्हेंट-क्षेत्र आहे. जपानी संशोधकांनी ते २००० मध्ये शोधलं, खोली सुमारे २,४०० मीटर. नकाशावर मुंबईहून जवळजवळ सरळ खाली बोट आणलं, ४,९०० किलोमीटर, की ते लागतं. तिथल्या गरम पाण्यात हायड्रोजन भरपूर असतो. तिथून वेगळ्या काढलेल्या मेथॅनोपायरस कँडलेरी या आर्कियाच्या (जिवाणूंसारख्याच एकपेशीय, पण वेगळ्या कुळातल्या सूक्ष्मजीवाच्या) वाणाने प्रयोगशाळेत, प्रचंड दाबाखाली, १२२ अंश सेल्सियसला वाढून दाखवलं. ही नोंद २००८ ची. "मॅडम, आपल्या ऑटोक्लेव्हपेक्षा एक अंश जास्त," हे तो दिवसभर सांगत होता. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक लॅबमध्ये या निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यात १२१ अंशांना पंधरा मिनिटं ठेवलं की सगळं मेलं असं आपण मानतो, तेव्हा त्याचा आनंद समजण्यासारखा होता.

पण आमच्या प्रकरणात तापमान दुय्यम. हा जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून मिथेन करतो. देणारा हायड्रोजन, घेणारा कार्बन डायऑक्साइड, दोन्ही पृथ्वीच्या पोटातून मिळू शकतात. ऑक्सिजन त्याला नकोच, उलट बाधतो. पॅसिफिकमधल्या व्हेंटवरून आलेला मेथॅनोकॅल्डोकॉकस यानाशी याच जातकुळीचा. १९९६ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, आर्कियांमधला तो पहिलाच. 'सूर्याची गरज नाही' हे वाक्य या मंडळींना लागू पडतं.

मग पुस्तकांत त्यांची चित्रं का नसतात? कारण ती दिसत नाहीत. आणि ती दिसण्याइतकी मोठी का झाली नाहीत याचं उत्तर हिशेबात आहे. प्रमाण स्थितीत एक मोल सल्फाइडचं ऑक्सिजनने पूर्ण ऑक्सिडीकरण केलं तर सुमारे ८०० किलोज्यूल ऊर्जा सुटते. हायड्रोजनपासून एक मोल मिथेन करताना सुमारे १३०. रिफ्टिया वर्षाला ८५ सेंटिमीटरहून जास्त वाढल्याची नोंद आहे, ती ऑक्सिजनच्या जोरावर. नुसत्या मिथेनच्या कमाईत असा संसार उभा राहत नाही. प्रत्येक देखणं व्हेंट-छायाचित्र, कृमी असोत, कोळंब्यांचे थवे असोत की शिंपले, सूर्याचा ऑक्सिजन वापरणाऱ्यांचं असतं. आणि त्याखाली छापलेलं वाक्य मात्र न दिसणाऱ्यांचं. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथे आहे. पुस्तकवाल्यांनी खोटं लिहिलेलं नाही, त्यांनी एकाच्या फोटोखाली दुसऱ्याची जन्मपत्रिका लावली आहे.

निर्णय आणि प्रदर्शन

तीन पर्याय समोर होते. मथळा सौम्य करून 'अंधारातलं जीवन' करायचा. सुरक्षित, पण आठवीतल्या मुलाला त्यात थांबावंसं वाटेल असं काही नाही. मूळ मथळा ठेवून खाली तारांकित टीप द्यायची. हे सरांना आणि मला दोघांनाही नको होतं, कारण टीप कुणी वाचत नाही. तिसरा, पोस्टर मधोमध कापायचा. तो घेतला.

डाव्या अर्ध्यावर मथळा 'अन्न खालून, श्वास वरून'. चित्रही बदललं. रिफ्टिया पूर्व पॅसिफिकचा, हिंदी महासागरात तो नाही, आणि मुलांना आपल्या बाजूचा प्राणी हवा होता. त्यांनी कैरेईची खवलेधारी गोगलगाय निवडली, क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. हिच्या पायावर लोह सल्फाइडचे खवले असतात आणि खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत तिची नोंद झाली. पण निवडीचं कारण वेगळं. तिचं हृदय शरीराच्या आकारमानाच्या सुमारे ४ टक्के आहे, एवढ्याशा गोगलगायीला अवाढव्यच. ते मुख्यतः आत पाळलेल्या जिवाणूंना ऑक्सिजन पोचवण्यासाठी, असं संशोधक मानतात. आमचा सगळा वाद त्या एका हृदयात सांगता येत होता.

उजव्या अर्ध्यावर 'आणि यांना तोही नको' हा मथळा, आणि चित्राच्या जागी काळ्या चौकोनात पेन्सिलच्या टोकाएवढा एक ठिपका. मुलाला हे फारच कोरडं वाटत होतं, त्याला संगणकावर केलेलं रंगीत चित्र हवं होतं. इथे मी माझं म्हणणं चालवलं. कोपऱ्यात डिसेंबर २०२४ ची बातमी आली : चेन्नई आणि गोव्याच्या राष्ट्रीय संस्थांनी मिळून हिंदी महासागरात ४,५०० मीटर खोलीवर एका सक्रिय व्हेंटची छायाचित्रं घेतली.

प्रदर्शनात गर्दी बरण्यांपाशी झाली, वासामुळे. तिसरी बरणी आम्ही बंदच ठेवली होती तरी मुलं नाक दाबून उभी. एका मुलीने उजवा अर्धा वाचून विचारलं, "मग हे श्वास घेतच नाहीत का?" वर्सोव्याच्या मुलीने उत्तर दिलं की घेतात, पण ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड वापरतात. उत्तर बारकाव्याने पाहिलं तर ढोबळ आहे, पण आठवीसाठी मी ते चालवून घेतलं. सरांनी घेतलं नाही. संध्याकाळी चहावर यावरून पुन्हा चर्चा झाली आणि ती मिटली नाही.

पुढच्या तुकडीसाठी चौथी बरणी ठरली आहे : तिसरीसारखीच हवाबंद आणि अंधारी, पण पाण्यात थोडं पोटॅशियम नायट्रेट घालून. सल्फाइडवर जगणारे काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर भागवतात. अशा बरणीत पांढरा थर आला तर मुलं म्हणतील, बघा, ऑक्सिजन नसतानाही जमलं. तेव्हा त्यांना समुद्रातलं नायट्रेट कुठून येतं ते शोधायला लावायचं. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंनाही ऑक्सिजनच लागतो.